प्रमाण १:७६

'जुनं ते सोनं' ही म्हण आपण दागिन्यांपेक्षा आठवणींसाठीच जास्त वापरतो. माझं सोनं म्हणजे जुन्या ब्रिटिश बसगाड्यांची डाय-कास्ट मॉडेल्स. १:७६ या प्रमाणातली अख्खी डबल-डेकर तळहातावर मावते. आम्हा छांदिष्टांचा धर्म एकच, अचूकता. रंगाची छटा, मार्गाचा क्रमांक, नंबरप्लेट सगळं खऱ्याबरहुकूम हवं. पण अचूक म्हणजे खरं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

माझ्याकडची हिरवी 'ब्रिस्टल लोडेका' घ्या. कमी उंचीच्या पुलांखालून जाता यावं म्हणून मुद्दाम बुटकी बांधलेली, इंजिनिअरिंगचा सुरेख नमुना. ब्रिस्टलमध्ये ती धावत होती, तेव्हा तिथली बसकंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसे. तसं करणं तेव्हा बेकायदाही नव्हतं. गाय बेली हा तरुण काळा आहे हे कळताच त्याची मुलाखत रद्द झाली. ३० एप्रिल १९६३ रोजी तिथल्या कॅरिबियन मंडळींनी बसवर बहिष्कार सुरू केला आणि २८ ऑगस्टला कंपनीनं माघार घेतली. सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग हे कंपनीचे गोरे नसलेले पहिले कंडक्टर झाले. नोकरीतला असा भेदभाव कायद्यानं बंद व्हायला मात्र १९६८ साल उजाडलं.

कोणी म्हणेल, खेळण्यावर एवढं ओझं कशाला? लहान मुलाच्या हातात असेल तर मान्य. पण आम्ही मोठी माणसं पाहुण्यांना 'हा इतिहास आहे' म्हणून कपाट दाखवतो. मग गैरसोयीचं तेवढं वगळायची सवलत आम्हाला कोणी दिली?

म्हणून गाडी फेकून द्यायची का? मुळीच नाही. बहिष्कार घालणाऱ्यांना बस बंद पाडायची नव्हती, चालवायची होती. मी मॉडेलशेजारी या तारखांचं एक कार्ड ठेवलं आहे, इतकंच.

परदेशात राहून आपण सगळेच आठवणींचे संग्राहक झालो आहोत. गावचा वाडा, आड, पाणवठा आपण किती मायेनं आठवतो! पण त्याच पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला होता, हेही त्या आठवणीत हवं. मॉडेलमध्ये सगळं सारख्याच प्रमाणात लहान होतं. आठवणीत मात्र आपण नकोसं तेवढंच लहान करतो. दोन्हींना एकच प्रमाण लावणं, यालाच मी प्रामाणिकपणा म्हणतो.