एका गिनीची पायवाट

इंग्लंडमधल्या ओल्नी गावात दोन मित्रांच्या बागांमध्ये तिसऱ्याचीच फळबाग होती. तिच्यातून ये-जा करता यावी म्हणून वर्षाला एक गिनी मोजली जाई. एका टोकाला राहत जॉन न्यूटन, एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान आणि आता पाळक. दुसऱ्या टोकाला कवी विल्यम कूपर.

कूपर यांना नैराश्यानं ग्रासलं होतं. १७७३ मध्ये ते बळावलं, तेव्हा न्यूटन पतिपत्नींनी त्यांना घरी आणून वर्षभराहून अधिक काळ सांभाळलं. प्रार्थनासभांसाठी या मित्रांनी रचलेली गीतं १७७९ मध्ये पुस्तकरूपानं आली.

पुढे न्यूटन लंडनला गेले. १७८५ मध्ये तरुण खासदार विल्बरफोर्स त्यांच्याकडे चोरपावलांनी आले. राजकारण सोडावं का, हा प्रश्न मनात होता. साठीच्या न्यूटननी त्यांना संसदेतच राहायला सांगितलं. तीन वर्षांनी स्वतःच्या जुन्या धंद्याची जाहीर कबुलीही छापली.

१७९० मध्ये पत्नी गेली, १८०० मध्ये कूपर गेले. नजर अधू झाली, तरी न्यूटन प्रवचनाला उभे राहत.

मार्च १८०७ मध्ये, विल्बरफोर्स यांच्या संसदेतल्या लढ्याला यश येऊन, ब्रिटिश गुलाम-व्यापारावर बंदी आली. त्याच डिसेंबरात, ८२ व्या वर्षी, न्यूटननी डोळे मिटले.