अर्ध्या वाटेवरची मदत



डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे आपल्या मंडणगड तालुक्यातच आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा निघाले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर. एवढ्या बुद्धिमंताचीही वाट पैशाअभावी मध्येच अडली, तर आपल्या मुलामुलींचे काय?

संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. त्याबद्दल सरकारकडे दाद मागावी, अवश्य मागावी. परंतु आपल्या हातातील वहीचे काय? सभेत पहिल्या वर्षाच्या फीचा चेक टाळ्यांच्या गजरात दिला जातो. दुसऱ्या वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकलेला असतो, जकात वाटून संपलेली असते आणि कॉलेजची फी मात्र पावसाळ्याच्या तोंडावरच भरायची असते. पुन्हा हात पसरण्याच्या संकोचाने ती मुलगी घरी बसते. दिलेल्या वचनाविषयी विचारणा होणार आहे, असे कुरआनने बजावले आहे. टाळ्या घेतल्या तेव्हाच आपण वचन दिले होते.

आपण कोकणी बहुधा शाफई. आपल्या मजहबचे इमाम नववी (रह.) सांगतात की गरजवंताला एवढे द्यावे की तो गरजेतून बाहेर पडेल, कारागिराला त्याच्या धंद्याची हत्यारे घेता येतील एवढे द्यावे. गरजू विद्यार्थ्याचे हत्यार म्हणजे त्याची पदवी, असे मला वाटते. मात्र तो जकातीस पात्र आहे की नाही, हे आधी पाहावे. पात्र नसेल तर सदका आहे, कर्जे हसना आहे. शेजारच्या वाडीतील कातकरी मुलगा कॉलेजात जाऊ पाहत असेल, तर सदक्याचा दरवाजा त्यालाही उघडा आहे.

म्हणून यंदा वहीत विद्यार्थ्याच्या नावापुढे एकाच वर्षाची रक्कम लिहू नका. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असेल तर तिन्ही वर्षांची फी, वसतिगृह आणि मुंबईच्या प्रवासाचा खर्च लिहा. तेवढे जमत नसेल तर दहांऐवजी चौघांचीच नावे घ्या. आणि पैसे द्यायला घरी जा, मगरिबनंतर, कॅमेरा न घेता.