पुरांत स्थिर चित्त



संकट आलें म्हणजे मनुष्याचे पाय आधीं धांवतात आणि विचार मागाहून येतो. ह्या उलट्या क्रमानें पुष्कळांचा घात होतो. म्हणून आज आम्ही आपल्या ठाणें जिल्ह्यांतीलच एक गोष्ट आपणांपुढें ठेवितों.

ता. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणच्या पुढें, बदलापूर व वांगणी ह्यांच्या मध्यें अडकून पडली. उल्हास नदीला पूर येऊन रूळ पाण्याखालीं गेले होते. गाडींत सुमारें १,०५० उतारू होते. त्यांत नऊ गरोदर स्त्रियाही होत्या. अंधार, पाऊस आणि अन्नपाण्याची टंचाई! खालीं उतरून वाट फुटेल तिकडे जावें, असें अशा वेळीं कोणास वाटणार नाहीं? परंतु पाण्याखालीं खड्डा कोठें आहे हें कोणास दिसणार? रेल्वेनें कळविलें कीं, गाडी हीच सुरक्षित जागा आहे, कोणीं उतरूं नये. दिवस उजाडल्यावर राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, आसपासचे गांवकरीही मदतीस धांवले, आणि दुपारपर्यंत सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले.

ही गोष्ट ऐकून आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय आठवतो. बंदिवान पौल रोमेस जात असतां तारूं वादळांत सांपडलें. चौदाव्या रात्रीं खलाशांनीं नांगर टाकण्याचें निमित्त करून लहान होडी सोडिली. आपण तेवढे निसटावें, हा त्यांचा बेत होता. ते गेले तर मागें राहिलेल्यांचा निभाव लागणार नाहीं, हें पौलानें ओळखलें व शताधिपतीस सावध केलें. मग पहाटेस त्यानें भाकर घेतली, देवाचे उपकार मानिले, व सर्वांदेखत जेवावयास आरंभ केला. तेव्हां २७६ जणांस धीर आला. उपाशी पोटीं व भ्यालेल्या मनानें नीट विचार होत नाहीं, हें त्यास ठाऊक होतें.

तारूं वांचेल, असें खोटें आश्वासन पौलानें दिलें नाहीं. तारूं जाईल, पण माणसें वांचतील, असेंच तो म्हणाला. आणि तारूं फुटलें तेव्हां त्याच लोकांनीं, कोणीं पोहून तर कोणीं फळ्यांवरून, कांठ गांठिला. तात्पर्य, शांति म्हणजे नुसतें बसून राहणें नव्हे. थांबावयाची वेळ कोणती व निघावयाची कोणती, हें ओळखूं देणारें मन म्हणजे शांति.

म्हणून कर्जाचा तगादा आला, तर घाबरून त्याच रात्रीं कागदावर अंगठा उठवूं नका. बांधावरून भावाशीं तंटा झाला, तर जेवा, प्रार्थना करा, झोपा, सकाळीं बोला. परंतु साप चावला, तर भगताची वाट न पाहतां, क्षणही न दवडतां, सरकारी दवाखाना गांठा. आणि कोणत्याही संकटांत आपली होडी गुपचूप सोडूं नका. शेजारी कोण दुर्बळ आहे तें आधीं पाहा.

भीति वाटणें हें पाप नव्हे. भीतीच्या हातीं सुकाणूं देऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. प्रभु आपणां सर्वांस तें बळ देवो. आमेन.