सोपी अक्षरे आणि जोडाक्षरे

आगमनकाळाचे चार रविवार आले की आपल्या घरांत आणि देवळांत तयारीला वेग येतो. गव्हाणीसाठी पेंढा आणला जातो, याजकांच्या अंगावर जांभळी वस्त्रे दिसू लागतात, नाताळगीतांचा सराव होतो, प्रायश्चित्त संस्कारासाठी रांगा लागतात. ही तयारी फोल आहे असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पाहुणा यावयाचा असेल तर अंगण सारवावेच लागते. परंतु येणाऱ्याला आपण ओळखणार कसे, हा प्रश्न या लगबगीत मागे पडतो. यार्देनेच्या तीरावर योहानाने लोकांना बजावले होते की, ज्याची तुम्ही वाट पाहता तो तुमच्यातच उभा आहे आणि तुम्हांला त्याचा पत्ता नाही. आगमनकाळातील सर्वांत अस्वस्थ करणारी वार्ता कोणती असेल तर ती हीच.

या ओळखण्याच्या विद्येचा एक धडा आपल्या खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, दिला गेला. 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे यांनी तेथे गीतेवर प्रवचने केली. 18 अध्याय, 18 रविवार. सहबंदी साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. दहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी शाळेतील मुलाचा दाखला घेतला. मुलाला आधी मोठी, सोपी अक्षरे शिकवतात आणि जोडाक्षरे मागाहून. ईश्वर वाचावयाचा तोही असाच. आईत, गुरूत, संतांत तो सोप्या अक्षरांनी लिहिलेला असतो. दुर्जनात तो जोडाक्षरात असतो. गीतेवरील प्रवचनातून कॅथलिकांनी आगमनकाळाचा धडा घ्यावा याचे कोणास नवल वाटेल. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर करावयाचा नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सांगितल्यावर ते वाटू नये.

मात्र येथे एक शंका उभी राहते आणि ती आम्हांला खरी वाटते. दुसऱ्यात देव पाहावयाचा म्हणजे त्या दुसऱ्याच्या आरपार पाहावयाचे काय? दारी आलेल्या भुकेल्या बाईत मी ख्रिस्त पाहिला, तिला भाकरी दिली, मला पुण्य लाभले. पण ती बाई कोण, तिचे नाव काय, ती कोठून आली, हे मी विचारलेच नाही. अशा वेळी तिचा केवळ आरसा होतो. आपल्या धर्मादाय कार्यांत हा दोष मुळीच नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय या शंकेला चकित करणारे उत्तर देतो. न्यायाच्या दिवशी डावीकडचे लोक राजाला विचारतात, आम्ही तुला केव्हा पाहिले? हे अपेक्षितच. पण उजवीकडचेही अगदी तेच विचारतात! त्यांनीही त्याला ओळखलेले नव्हते. त्यांनी भुकेला माणूस पाहिला आणि त्याला भुकेला म्हणूनच जेवू घातले. आत ख्रिस्त आहे हे त्यांना ठाऊक असावे अशी अट प्रभूने घातलेली दिसत नाही. 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत. त्यांना त्या मुलांत बाळकृष्ण दिसत होता की नुसती घरापासून दुरावलेली पोरे, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. मुलांना खोली झाडलेली मिळे, एवढे खरे.

खानदेशातील आजची जोडाक्षरे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. दसरा-दिवाळी उलटली की साक्री, नवापूर या भागांतील पाड्यांवरून आदिवासी कुटुंबे सुरत-बारडोलीकडे उसाच्या तोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. लेकरे, भांडी, कोंबड्या, सारे त्याच ट्रकमध्ये. तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. किती माणसे आली असे कोणी विचारीत नाही. किती कोयते आले असे विचारतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव देऊन टाकले की त्याच्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. बेथलेहेमच्या उतारशाळेत मरीया आणि योसेफ यांना जागा मिळाली नाही हे आपण दरवर्षी हळहळून ऐकतो. या कुटुंबांना शेताच्या बांधावर पालाखाली जागा मिळते, हे मात्र आपल्याला रीतसर वाटते.

मग आम्ही काय करावे? हा प्रश्न योहानालाही विचारला गेला होता. लूकने दिलेली त्याची उत्तरे किती साधी आहेत पाहा. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये. शिपायाने कोणाला नाडू नये. त्याने कोणालाही धंदा सोडून अरण्यात बोलाविले नाही. तो आज जळगावच्या एखाद्या जिनिंगच्या दारात उभा राहिला, तर कापूस घेणाऱ्याला म्हणेल, काटा मारू नकोस. मुकादमाला म्हणेल, उचलीचा हिशेब तिला वाचून दाखव. आणि कापूस वेचणीला बायका लावणाऱ्या आपल्यातील शेतमालकाला तो विचारील, यांतील किती जणींची नावे तुला येतात? ध्यानधारणेतून दिव्यदृष्टी यावी आणि मग आपण न्यायाने वागावे, असा क्रम आपण मनाशी धरलेला असतो. योहानाने काटा आधी ठेवला.

यंदा आगमनकाळाचा तिसरा रविवार येईल तेव्हा वेदीवर गुलाबी वस्त्र दिसेल, आनंद करा असे आपल्याला सांगितले जाईल आणि आपण तो करूही. त्या वेळी तोडणीचा हंगाम ऐन भरात असतो. कुटुंबे गावी परततात ती उन्हाळा लागल्यावर, आणि पाड्यावरच्या शाळेतील हजेरीपटावर त्यांच्या मुलांच्या नावांपुढे तोवर कित्येक महिन्यांच्या गैरहजेरीच्या खुणा साचलेल्या असतात.