भय गेले नाही, तर विश्वास खोटा काय?



विश्वास आणि भय ही दोन्ही एकाच अंतःकरणात एकाच वेळी राहू शकतात काय, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटतो. परंतु मला तो कोणा पंडिताने विचारला नाही. पूर्णेकाठच्या एका लहानशा मंडळीतील एका विधवा बहिणीने तो विचारला, आणि धर्मशिक्षणशाळेत मिळविलेले माझे सर्व ज्ञान त्या क्षणी अपुरे पडले.

हकीकत अशी की, त्या मंडळीत स्त्रियांची सभा चालविणाऱ्या बायबलबाई दुसऱ्या गावी राहावयास गेल्या. मागे राहिलेल्या स्त्रियांपैकी ह्या एकाच बहिणीस वाचता येत होते. मी तिला म्हटले, "बाई, येत्या बुधवारपासून शास्त्रवाचन व प्रार्थना तुम्ही चालवावी." तिने मान खाली घातली व ती म्हणाली, "माह्यानं होनार नाही, पाद्रीसाहेब. मले भेव लागते. चार बायांत तोंड उघडलं का जीभच वळत नाही." मी तत्काळ उपदेश केला की, बाई, प्रार्थना करा, देव हे भय काढून टाकील, आणि ते गेले म्हणजे काम हाती घ्या. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या गावी गेलो. ती नुकतीच कापूस वेचून आली होती. कमरेची ओटीही अजून सोडली नव्हती. ती म्हणाली, "तुमी सांगतलं तशी रोज प्रार्थना केली. भेव काही गेलं नाही. मंग माहा विश्वास खोटा हाय काय?"

वाचकहो, ह्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. भय जाईपर्यंत थांबावयास मी तिला सांगितले. म्हणजे नदीचे पाणी आटेपर्यंत काठावर बसून राहावयास सांगितले. अशा उपदेशाने भय तर जात नाहीच. उलट भयाच्या ओझ्यावर अविश्वासाच्या आरोपाचे दुसरे ओझे मात्र चढते.

प्रथम शास्त्राकडे वळू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती विटाळशी. तिचा स्पर्श दुसऱ्यास बाधणारा, म्हणून गर्दीत मागून येऊन तिने चोरून प्रभूच्या वस्त्रास हात लावला. ती बरी झाली. मग प्रभूने तिला गुपचूप घरी का जाऊ दिले नाही? कोणी स्पर्श केला, असे विचारून त्याने तिला सर्व लोकांसमोर का आणविले? तिचे शरीर बरे झाले होते. पण आपण अस्पर्श आहो, आपण मागूनच यावे, आपले तोंड लोकांस दिसू नये, ही तिच्या मनाची व्याधी अजून उरली होती. ती भीत व थरथरत पुढे आली आणि तिने सर्व खरे सांगितले. तेव्हा प्रभूने तिला कन्या म्हणून हाक मारली व तिच्या विश्वासाची वाखाणणी केली. तिचा थरकाप थांबेपर्यंत तो वाट पाहत बसला नाही. थरथरणाऱ्या त्याच देहात त्याला विश्वास दिसला.

ह्यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, भय वाटणे हे पाप नव्हे. गेथशेमानेच्या बागेत प्रभूही अत्यंत व्याकूळ झाला होता, आणि त्याच्या ठायी पाप नव्हते. दुसरी, विश्वास म्हणजे भयाचा अभाव नव्हे. भय आपल्या कानात एक सांगते, प्रभू दुसरे सांगतो. त्या वेळी आपले पाऊल कोणाच्या सांगण्यावरून उचलले जाते, तेथे विश्वासाची पारख होते.

परंतु भय पुष्कळदा दुसऱ्याचे नाव घेऊन आपल्या घरात राहते. ते स्वतःस नम्रता म्हणविते. "मी अडाणी बाईमाणूस, मला काय कळते?" असे एखादी बहीण म्हणाली की आम्ही पुरुष प्रसन्न होतो आणि म्हणतो, किती लीन आहे पाहा! ही लीनता आहे की काय, हे कसे ओळखावे? खरी नम्रता हाक आली की उठते, कारण तिची दृष्टी हाक मारणाऱ्याकडे असते. आणि भय हाक आली की आणखीच खाली बसते, कारण त्याची दृष्टी लोकांच्या तोंडाकडे असते. मोशेनेही आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली. देवाने ती ऐकून घेतली व त्याला आश्वासन दिले. पण त्यानंतरही तो दुसऱ्या कोणास पाठवा म्हणू लागला, तेव्हा देवाचा राग भडकला, असे निर्गमाच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे. देव दुबळेपणावर रागावला नाही. दुबळेपणाचा आडोसा करण्यावर रागावला.

आता आमच्या बहिणींच्या मनात हा स्वतःविषयीचा अविश्वास येतो कोठून, ह्याचाही विचार केला पाहिजे. तो देवाने पेरलेला नाही. पोरगी लहान असते तेव्हापासून तिला सांगितले जाते की मोठ्याने बोलू नको, पुढे बसू नको, तुला काय समजते. त्यात आमच्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी विटाळाचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले. विहिरीवरून हाकलले गेलो, देवळाच्या पायरीवरून मागे लोटले गेलो. ज्यांना शंभर वेळा दूर हो म्हटले गेले, त्यांच्या लेकींना एकदा पुढे या म्हटल्याने धीर कसा येणार? ही हाक पुन्हा पुन्हा मारावी लागते.

गंमत अशी की, विटाळाचे भय ज्यांना दूर लोटले त्यांनाच जखडते असे नाही. लोटणाऱ्यांनाही ते तितकेच जखडते. ह्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याच्या विलक्षण धास्तीत राहत, आणि त्या धास्तीतच ही मुलगी वाढली. लहानपणी शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. अकराव्या वर्षीच तिचे लग्न झाले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी पती नारायण वामन टिळक ह्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ह्या माउलीवर आकाश कोसळले. कित्येक वर्षे ती पतीपासून दूर राहिली. नंतर ती त्यांच्याकडे आली, तरी तिची चूल वेगळी, पाणी वेगळे.

येथे लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की, लक्ष्मीबाईंचे भय एका रात्रीत गेले नाही. आधी त्या एका छपराखाली राहिल्या. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा त्यांनी आपल्या मनाशी निवाडा केला, आणि तो माणसाने केला असे ठरताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सिद्ध झाल्या. नंतर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ज्यांच्या सावलीचेही भय शिकविले गेले होते, अशा अनाथ लेकरांना त्यांनी पोटाशी धरले. 1919 साली टिळक वारले व 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. ते शाळा न शिकलेल्या ह्या विधवेने पुढे लिहून पुरे केले. 1933 साली आपल्या शेजारी नागपुरास ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या. 'स्मृतिचित्रे' ह्या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 साली निघाला, आणि तो आजही मराठी लोक, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आवडीने वाचतात. प्रत्येक पायरीवर आधी पाऊल पडले, आणि बळ पावलामागून आले.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्यांनी तरुणपणी दुष्काळातील वणवणीत आईबाप व वडील बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. 1896-97 च्या दुष्काळाने मध्यप्रांत होरपळून निघाला, तेव्हा हीच स्त्री तिकडे धावली व उपाशी मुलींना आणि विधवांना आपल्याबरोबर घेऊन गेली. त्यातूनच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. ज्या दुःखाच्या आठवणीने माणूस तोंड फिरवितो, त्याच दुःखाच्या दारी प्रभूने तिला पाठविले. दुसरी जखम बांधणारा हात पुष्कळदा स्वतः जखमी झालेला असतो.

यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात यार्देन उतरण्याची हकीकत आहे. नदी दुथडी भरली होती. कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले, तेव्हा वरचे पाणी थांबले. त्यापूर्वी थांबले नाही. आमच्या वऱ्हाडातील बायांना हे सांगावे लागू नये. पहाटे शेताच्या धुऱ्यावर उभे राहून सगळ्या पऱ्हाटीकडे पाहिले तर कोणाचीही छाती दडपेल. पण वेचणारी बाई सगळे वावर पाहत नाही. हाताशी आलेले बोंड वेचते, आणि सांजेला ओझे बांधून घरी येते. देवही सबंध आयुष्याचे धैर्य एकदम देत नाही. रानातल्या मान्न्याप्रमाणे ते रोजचे रोज, लागेल तेवढेच मिळते.

एक सावधगिरीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळेच भय मनाचे नसते. एखाद्या बहिणीवर घरात हात उचलला जातो, दारू पिऊन आलेला नवरा तिला मारतो. तिला नुसते विश्वास धर, भिऊ नको म्हणून परत त्याच मारासमोर पाठविणे हा उपदेश नव्हे, निर्दयपणा आहे. तेथे भय खरे सांगत असते. तेथे मंडळीने तिच्या बाजूस उभे राहावे, तिला आसरा द्यावा, आणि मारणाऱ्यास जाब विचारावा.

त्या विधवा बहिणीस मी अखेर एवढेच म्हटले, "बाई, तुमचा विश्वास खोटा नाही, माझा सल्ला खोटा होता. भय असू द्या. भयासह या, आणि मार्काच्या पाचव्या अध्यायातील त्या बाईची दहा वचने तेवढी वाचा." बुधवारी ती आली. पुस्तक हातात थरथरत होते, दोन ठिकाणी शब्द अडला, मागे कोणी तरी हसलेही. ती भीत व थरथरत पुढे आलेल्या बाईच्या वचनापाशी पोहोचली तेव्हा थांबली आणि पुस्तकातून डोके वर काढून म्हणाली, "हे तर माहंच लिहिलं हाय." मग कोणी हसले नाही. तिचे भय अजून पुरते गेलेले नाही, असे ती सांगते. परंतु सभा एकही बुधवार बंद पडलेली नाही.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक विनंती आहे. आपल्या मंडळीत मागे, भिंतीला टेकून बसणाऱ्या बहिणीस लीन म्हणून तेथेच ठेवू नका. तिला लहानसे काम द्या: चार वचने वाचणे, एक वाक्य प्रार्थना करणे, आजाऱ्याच्या घरी जाणे. ती अडखळली तर थांबा, तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. आणि बहिणींनो, पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेपाशी गेलेल्या स्त्रियाही भयाने पळाल्या व प्रथम कोणास काही बोलल्या नाहीत, असे मार्क लिहितो. तरी ती वार्ता यरुशलेमेहून आपल्या वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचली आहे. म्हणजे त्या पुढे बोलल्या. ज्या प्रभूने त्यांचे तोंड उघडले, तो तुमचेही उघडो. आमेन.