पालकाची सही

मावशीला वृद्धाश्रमात दाखल केलं, त्या दिवशी अर्जावर सात ठिकाणी माझ्या सह्या झाल्या. तिची एकही नाही. तिचा फक्त फोटो चिकटवला. 'पालकाचे नाव' हा रकाना व्यवस्थापिकाबाईंनी मोठ्यानं वाचला, तशी मावशी म्हणाली, "पालक मला वर्ज्य आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत." सगळे हसलो. जन्मभर प्रगतिपुस्तकांवर पालकांच्या सह्या मागितलेली बाई ती, तिला तो शब्द झोंबला होता हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी माझं नाव लिहिलं, नात्यापुढे 'भाची' लिहिलं आणि पावती घेऊन निघाले.

या सहीला कायद्यात किती वजन आहे, हे पुढे बँकेच्या कामापायी कळलं. जवळजवळ शून्य! १८९० चा पालक आणि पाल्य कायदा फक्त अज्ञानांसाठी आहे. अठरा वर्षांखालच्यांना कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणतात, म्हणजे मावशी सज्ञान. सकाळी जेवली की नाही हे तिला आठवत नाही, तरी सज्ञानच. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला पालक आणि त्याच्या मालमत्तेला व्यवस्थापक नेमायची सोय होती, २०१७ च्या कायद्यानं ती ठेवली नाही. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे. ते ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून चालायचं. कोमातल्या नवऱ्याच्या खात्यातून त्याच्याच औषधांना पैसे काढायचे तर बायकोला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. मुंबई उच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदातले आपले अधिकार वापरून अशा बायकांना, मुलांना पालक नेमलं आहे. केरळच्या उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वंच घालून दिली.

"कुलमुखत्यारपत्र करून ठेवायचं होतंत," असं बँकेतल्या गृहस्थांनी सुनावलं. आम्ही केलेलं होतं. पण करार कायद्याचं २०१ वं कलम सांगतं की लिहून देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही, की त्याचं मुखत्यारपत्रही संपतं. पाऊस लागला की मिटणारी छत्री. मग घरोघरी जे होतं तेच मी करते. मावशीचं एटीएम कार्ड माझ्या पर्समध्ये आहे आणि पिन माझ्या डोक्यात. पैसे तिच्याच खर्चाला लागतात, हिशेबाची वही आहे. पण ती वही तपासणारं कुणी नाही, आणि प्रत्येक भाची काही वही ठेवत नसेल.

तरी मला खरी टोचणी पैशांची नाही.

मागल्या वर्षी एका दुपारी आश्रमातून फोन आला. मावशी रात्री उठून फिरते, तिला वरच्या मजल्यावर एकटीच्या खोलीत हलवायचं का, पालक म्हणून तुमची परवानगी हवी. मी ऑफिसात मीटिंगच्या तोंडावर होते. "हो, हो, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." दोन मिनिटंही लागली नाहीत. रविवारी गेले तर मावशी कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. खालच्या खोलीत शेजारच्या कॉटवरच्या आजी रोज शब्दकोडं मोठ्यानं वाचायच्या आणि मावशी उत्तरं सांगायची. नावं विसरली होती, शब्द विसरली नव्हती. मी त्या फोनवर एवढंच म्हणायला हवं होतं, की तिला विचारलंत का? कदाचित तिला नीट सांगता आलं नसतं. पण विचारायलाच नको, हे मी कुठल्या अधिकारात ठरवलं? कायद्यानं मी तिची पालक नव्हते. आणि असते तरी मर्यादित पालकत्वाच्या कलमानं मला तिच्या इच्छेशीच बांधलं असतं. त्या रकान्यानं मला कायद्याहून जास्त सत्ता दिली होती आणि मी ती मीटिंगच्या घाईत वापरून टाकली.

तिच्या फाइलमध्ये आधार कार्डाची प्रत आहे, रक्ताचे रिपोर्ट आहेत, माझे दोन फोन नंबर आहेत. तिचं स्वतःचं वाक्य एकही नाही. खरं तर वेळेत सुचलं असतं तर फार खटाटोप नव्हता. मानसिक उपचारांच्या वेळी आपल्या वतीनं कोणी बोलायचं, ते २०१७ च्या कायद्यानुसार कुणाही सज्ञानाला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून लिहून ठेवता येतं, आणि मत पालटलं तर बदलताही येतं. मरणाच्या दारातले कृत्रिम उपचार नकोत, हे लिहून ठेवायची वाट सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मोकळी केली. २०२३ मध्ये ती सोपीही झाली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकनाला पुरतो. यासाठी नातेवाईक एकच नव्हे, जास्तही नेमता येतात. आपल्याकडे लग्नाच्या याद्या कागदावर होतात आणि म्हातारपणाच्या गोष्टी मात्र 'बघू नंतर'. मावशीनं एकदा विषय काढला होता, तेव्हा मीच म्हटलं होतं, "अगं, अभद्र कशाला बोलतेस?"

मावशीला परत खालच्या खोलीत आणलं. दाराला रात्री वाजणारी घंटी लावून घेतली, तिचे पैसे मी दिले. आता प्रत्येक भेटीत ती काय म्हणाली ते मी तारीख घालून एका कागदावर लिहिते आणि तो फाइलमध्ये ठेवते. 'पंखा नको.' 'भातावर मेतकूट हवं.' 'केस कापू नका.' व्यवस्थापिकाबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "हा कशाखाली लावायचा?" त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो औषधांच्या चिठ्ठ्यांमागे टाचला गेला. गेल्या रविवारी उघडून पाहिला तर माझ्या अक्षराखाली वेगळ्याच अक्षरात एक ओळ होती, बहुतेक रात्रपाळीच्या ताईंची: 'आजी म्हणतात दिवा बंद करा, दार उघडं ठेवा.'