मागच्याचा दिवा

मोटारसायकलवरून मित्रांबरोबर जायचं म्हणजे आधी गप्प बसायची तयारी हवी. हेल्मेट, वारा, इंजिनाची घरघर, समोरून येणारा डंपर. यातून शब्द पोचत नाही. हेल्मेटात बसवायचे इंटरकॉम हल्ली मिळतात. आमच्यातल्या एकानं सगळ्यांसाठी हौसेनं आणलेही होते. भोरच्या पुढे नीरा-देवघरचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसायला लागलं, आणि मग एकेकानं ते बंद करून टाकले. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

मला वाटतं, या वयात आमची मैत्री टिकायला ही न बोलण्याची सोयच कारणीभूत आहे.

हे म्हणणं आमच्या पिढीला विचित्र वाटेल. कारण आमची मैत्री जमली ती बोलण्यावरच. कॉलेजचा कट्टा, अर्धा-अर्धा चहा आणि कुठल्याही विषयावर रात्री दोनपर्यंत चालणारा वाद. तेव्हा मतं स्वस्त होती, बदलायला काही पडत नव्हतं. पन्नाशीत मतांना किंमत येते. एकानं पक्ष बदललेला असतो, दुसऱ्याचा पक्षच फुटलेला असतो. एकाच्या मुलीला नोकरी लागत नाही आणि दुसऱ्याचा मुलगा कॅनडात घर घेतोय. कुणाची शुगर, कुणाचा फ्लॅट, कुणाचा भावाशी कोर्टात दावा. यातलं काय काढलं तर कुणाला लागेल याचा हिशेब करूनच तोंड उघडावं लागतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि रात्री भांडणं. दोनदा माणसं ग्रुप सोडून गेली, दोन्हीदा वरंध घाटाचा बेत ठरला तेव्हा परत आली.

वरंध घाट भोर आणि महाड जोडतो. पावसाळ्यात दरडी येतात म्हणून तो बरेचदा बंद असतो, त्यामुळे जायचं ते दिवाळीनंतर. घाटात गाड्यांची रांग कशी लावायची याचं एक शास्त्र आहे. पुढे रस्ता माहीत असलेला. त्याच्या मागे सगळ्यांत हळू चालवणारा, म्हणजे पुढच्याला त्याच्या बेतानं जावं लागतं. शेपटाला हत्यारांची पिशवी बाळगणारा, शांत डोक्याचा. प्रत्येकानं आरशात मागच्याचा दिवा धरून ठेवायचा. वळणानंतर तो दिसला नाही तर वेग कमी करायचा. तरी दिसला नाही तर कडेला थांबायचं. मागचा थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, आणि निरोप न देता सगळी रांग उभी राहते. प्रत्येकानं फक्त एकाची काळजी घ्यायची. पण तो एक म्हणजे नेमका आपण काल ग्रुपवर ज्याला वाट्टेल ते बोललो तो असू शकतो, आणि घाटात त्याचा दिवा दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. त्याच्या मतांबद्दलचा राग जागच्या जागी असतो. तो काही कमी होत नाही, असं माझं तरी निरीक्षण आहे.

वाघजाईच्या देवळापाशी गाड्या लागतात, कांदाभजी येतात, माकडं टपून असतात. इथे बोलणं होतं, पण कशावर? मघाच्या वळणावर एसटी आडवी आली तेव्हा कुणी ब्रेक दाबला, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे उतरणाऱ्याला कधी कळणार. कुणाचा क्लच घसरतोय, कुणाचा गुडघा. ज्याला वीस वर्षांत कुणी आग्रहानं काही विचारलं नसेल असा आमचा एक मित्र टायरमधल्या हवेबद्दल पाच मिनिटं बोलतो आणि सगळे ऐकतात.

यात स्मरणरंजनाचा भाग आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या नावाच्या नव्या गाड्या कंपन्या काढतात त्या आमच्यासारख्यांच्या खिशाकडे बघूनच. पण ज्या दिवसांची आठवण काढायची, ते दिवस वेगळे होते. आरएक्स १०० ही गाडी १९८५ साली आली, १९९६ला बंद झाली. म्हैसूरची येझदीही त्याच सुमारास संपली. दोन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या, त्यामुळे प्लग काळा व्हायचा. मग रस्त्याकडेला बसून प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकायचा, परत लावून किक मारायची. हे करताना एकानं काड्यापेटी धरायची, एकानं अक्कल शिकवायची. शिवाय गाड्या कमी आणि माणसं जास्त, म्हणून सगळे डबलसीट. मागे बसलेला पुढच्याच्या कानात ओरडून बोलत राहायचा. पेट्रोलला टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी, आणि तरी हिशेब कधी लागला नाही.

आता प्रत्येकाकडे स्वतःची गाडी आहे आणि तिला फ्युएल इंजेक्शन आहे. ती रस्त्यात बिघडत नाही, आणि बिघडलीच तर सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरशिवाय कुणाला काही करता येत नाही. सुबत्तेनं आधी मागची सीट रिकामी केली, मग हत्यारांची पिशवी निकामी केली. पुढे ‘चे’ म्हणून गाजलेला एर्नेस्तो गेव्हारा आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो १९५२ साली दक्षिण अमेरिकेत निघाले तेव्हा दोघांत एकच जुनी नॉर्टन होती. ती चिलीत कायमची बसली आणि पुढचा प्रवास दोघांनी पायी, ट्रकनं, बोटीनं केला. याउलट अमेरिकन लेखक पर्सिगच्या मोटारसायकल-प्रवासावरच्या १९७४च्या प्रसिद्ध पुस्तकात बरोबरचं मित्र-जोडपं गाडीच्या दुरुस्तीकडे ढुंकून बघत नाही आणि मोंटानात त्यांचा निरोप घेतला जातो. पर्सिगला ते दुरुस्तीपासून दूर पळणं खटकतं. मला मात्र त्या जोडप्याबद्दल सहानुभूती वाटते. यंत्र समजणं आणि सोबत करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं जास्त अवघड आहे.

आणखी एक गोष्ट भजी खाताना हटकून ध्यानात येते. ही अशी तीस-पस्तीस वर्षं जुनी टोळी पुरुषांचीच जास्त दिसते. आमच्या वर्गातल्या मुलींचीही अशीच घट्ट टोळी होती. लग्नानंतर गावं बदलली, काहींची आडनावंच काय, नावंही बदलली, आणि घरातून तीन दिवस निघायला कुणाची परवानगी घ्यायची हा प्रश्न आला. आम्ही निघतो तेव्हा घरी कुणीतरी सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळत असतं. आता बायकांचे रायडिंग ग्रुप या रस्त्यांवर दिसतात, पण त्यांतल्या पुष्कळ जणींची ओळख मोटारसायकलीमुळे झालेली असते. जुन्या मैत्रिणी जपायची मुभा त्यांना मिळाली नाही, म्हणून त्यांनी नव्या केल्या. आमच्या मैत्रीचं कौतुक करताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आम्ही हौसेनं जातो, पण सह्याद्रीचे घाट हौसेसाठी झालेले नाहीत. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिकेचा शिलालेख आहे, वर दगडी रांजण आहे. त्यात जकात पडायची असं सांगतात. बंदरांतला माल बैलांच्या पाठीवर चढायचा. बोरघाटातून चाकं जातील असा रस्ता १८३० साली झाला. आता कशेडी घाटात बोगदा झालाय, पोटापाण्यासाठी जाणारा त्यातून जातो आणि त्यानं तसंच जावं. घाट उरला तो ज्यांच्या पाठीवर काही माल नाही त्यांच्यासाठी. बोगद्यात मागच्याकडे बघावं लागत नाही, हा त्याचा गुणही आहे.

पुढच्या खेपेला एक पेच आहे. आमच्यातल्या एकाची कंबर गेली, डॉक्टरांनी दुचाकी बंद केली आणि तो चारचाकी घेऊन येतो म्हणाला. यावर दोन तट पडले. ‘मग काय, विमानानंच जाऊ,’ इथपर्यंत मजल गेली. शेवटी ठरलं की त्यानं शेपटाला राहायचं, सगळ्यांच्या बॅगा घ्यायच्या, आणि घाटात एसी बंद करून काचा खाली ठेवायच्या. पहिल्या दोन अटी त्यानं मान्य केल्या आहेत. एसीबद्दल बायकोशी बोलून सांगतो म्हणाला, कारण ती गाडी चालवणार आहे.